खोलीतला धूर मोजताना

आमच्या आत्यानं आयुष्यात कधी सिगारेट हातात धरली नाही. गिरगावातल्या चाळीत तिची एक खोली होती, दहा बाय दहाची. पुढे सामाईक गॅलरी, मागे एकच खिडकी आणि पावसाळ्याचे चार महिने तीही बंद. संध्याकाळी कामावरून आल्यावर काका पलंगाच्या कडेला बसत आणि जेवणाची पानं मांडेपर्यंत सिगारेटी ओढत, तासाला दोन तरी. आत्या त्याच खोलीत, ओट्यापाशी. पुढे तिला खोकल्यानं धरलं, जिना चढताना धाप लागायला लागली. दवाखान्यात विचारलं गेलं, "विडी-सिगारेट ओढता का?" ती म्हणाली, "नाही हो." केसपेपरवर "नाही" लिहिलं गेलं आणि तो विषय तिथेच मिटला. मी तिच्यासोबत होतो. प्रश्न अर्धाच विचारला गेला, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

तिचा आजार त्या धुरामुळेच झाला असं मी म्हणणार नाही. एकट्या माणसाबद्दल असं छातीठोकपणे सांगता येत नाही आणि या पुस्तकात तशी घाई कुठेही केलेली नाही. पण त्या खोलीतल्या हवेत काय होतं आणि किती होतं, हे विचारता येतं. त्याचं उत्तर आकड्यांत मिळू शकतं, हे जगाला गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कळलं. ते कसं कळलं आणि आपल्या घरा-हॉटेलांत ते कसं वापरायचं, हा या पुस्तकाचा विषय.

या धुराला मराठीत अजून धड नाव नाही. सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत "अप्रत्यक्ष धूम्रपान" किंवा "निष्क्रिय धूम्रपान" असे शब्द येतात. मला ते दोन्ही खटकतात. ओट्यापाशी उभी राहून भाकऱ्या थापणाऱ्या बाईला निष्क्रिय कसं म्हणायचं? आणि ती धूम्रपान तरी कुठे करत होती? लोक बोलताना सरळ "दुसऱ्याचा धूर" म्हणतात, मीही तेच म्हटलं आहे.

हा धूर दोन वाटांनी खोलीत येतो. ओढणाऱ्यानं छातीत घेऊन बाहेर सोडलेला धूर ही एक वाट. दोन झुरक्यांच्या मधे हातात किंवा रक्षापात्रात नुसती जळत राहिलेल्या सिगारेटच्या टोकाचा धूर, ही दुसरी. खोलीतल्या धुरात मोठा वाटा या दुसऱ्याचाच असतो. तो फिल्टरमधून गेलेला नसतो. झुरका घेताना टोक लालबुंद होतं, एरवी ते कमी उष्णतेवर धुमसतं, त्यामुळे जळण अर्धवट होतं आणि अनेक विषारी द्रव्यं उलट जास्त तयार होतात. फिलिप मॉरिस कंपनीनं जर्मनीतल्या कोलोन इथल्या आपल्या प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात हेच तपासलं होतं. वजनास वजन धरलं तर टोकाचा धूर ओढलेल्या धुराच्या तीन-चार पट विषारी निघाला. त्यातलं बहुतेक काम कंपनीच्या कपाटातच राहिलं. अमेरिकेतल्या खटल्यांमुळे कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं खुली झाली आणि २००५ साली सुझॅन शिक आणि स्टॅंटन ग्लॅंट्झ या संशोधकांनी ती वाचून ही हकीकत छापली.

तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं आहेत, त्यांतली सुमारे सत्तर कर्करोगकारक. ती सगळी कोण मोजणार? म्हणून शितावरून भाताची परीक्षा करावी लागते. या शास्त्राचा सगळा इतिहास म्हणजे कोणतं शीत उचलायचं यावरचा वाद आहे. तो वाद नुसता विद्वानांचा राहिला नाही. शीत बदललं की भात शिजला की कच्चा राहिला याचा निकाल बदलतो आणि त्या निकालावर कायदे उभे राहतात किंवा पडतात.

बंद जागेतली हवा मोजायची कल्पना तशी जुनी. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ साली माणसांच्या गर्दीनं कोंदटलेली हवा ओळखण्यासाठी कार्बन डायऑक्साइडची खूण वापरली. हा वायू स्वतः तेवढा घातक नाही, पण तो वाढला की माणसांनी सोडलेलं बाकीचं सगळंही वाढलं असणार, असा त्यांचा हिशेब. तेच शितावरून भात. पण तंबाखूच्या धुराबाबत पुढची सव्वाशे वर्षं लोक नाकावर आणि डोळ्यांवर विसंबून राहिले. नाक काही मिनिटांत वासाला सरावतं. डोळ्यांना धूर दिसतो तो फार दाट झाल्यावर. या धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात, तासन्‌तास खाली बसत नाहीत आणि श्वासासोबत थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. धुराची तक्रार करणारा माणूस "नाजूक" ठरायचा, तो याचमुळे. त्याच्या हातात दाखवायला काही नव्हतं.

ते त्याला मिळालं १९८० साली. जेम्स रिपेस आणि आल्फ्रेड लॉरी हे वॉशिंग्टनमधल्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ. रिपेस पदार्थवैज्ञानिक. त्यांनी एक छोटं यंत्र उचललं आणि बार, रेस्टॉरंट, बिंगोचे हॉल अशा रोजच्या जागांमध्ये नेलं. यंत्राची युक्ती सुंदर होती. हातातल्या घड्याळात असतो तसा क्वार्ट्‌झचा स्फटिक ठराविक वेगानं थरथरत असतो. हवेतले सूक्ष्म कण त्याच्यावर बसवले की तो जड होतो आणि थरथर मंदावते. किती मंदावली यावरून कणांचं वजन कळतं. त्या वर्षी मे महिन्यात "सायन्स" या नियतकालिकात त्यांचा लेख आला. सिगारेटी ओढल्या जात होत्या तिथली हवा बाहेरच्या रस्त्यावरच्या हवेपेक्षा कितीतरी पटींनी खराब होती. त्यांनी आकडे तर दिलेच, पण ते आकडे आधी सांगता यावेत असं गणितही दिलं. खोली केवढी, सिगारेटी किती, हवा तासाला किती वेळा बदलते, एवढं कळलं की कणांचं प्रमाण कागदावर काढता येतं. मला विचाराल तर त्यांचं खरं योगदान हे गणित. यंत्र एका जागेचं सांगतं, गणित न पाहिलेल्या जागेचंही सांगतं.

ते आत्याच्या खोलीला लावून पाहू. दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच म्हणजे सुमारे २८ घनमीटर. एका सिगारेटमधून खोलीत साधारण १० ते १४ मिलिग्रॅम सूक्ष्म कण येतात. १२ धरू. एक सिगारेट संपली की दर घनमीटरला चारशेहून अधिक मायक्रोग्रॅम. दारं-खिडक्या लावलेल्या खोलीतली हवा तासाला फार तर एकदा बदलते. एकदा बदलते म्हणजे तासाभरात सगळा धूर जातो असा मात्र अर्थ नाही. नवी हवा जुन्यात मिसळत असते, त्यामुळे तासानंतरही तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त धूर शिल्लक राहतो. तासाला दोन सिगारेटी चालूच राहिल्या, तर प्रमाण साडेआठशेच्या आसपास जाऊन तिथे टिकतं. भिंतींवर, कपड्यांवर बसणारे कण वजा केले तर थोडं कमी. आपल्या देशात बाहेरच्या हवेसाठी अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली सुचवलेली मर्यादा १५ आहे.

रिपेस आणि लॉरी यांच्या पाठोपाठ, १९८१च्या जानेवारीत, जपानमधून ताकेशी हिरायामा यांचा अभ्यास आला. स्वतः न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची त्यांनी चौदा वर्षं नोंद ठेवली होती. ज्यांचे नवरे जास्त सिगारेटी ओढत, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगानं मरण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. त्याच वर्षी अथेन्समधून दिमित्रिओस त्रिकोपूलोस यांनी तसाच कल दाखवला. या अभ्यासांत हवा कुणीच मोजली नव्हती. नवऱ्याची सवय हीच मोजपट्टी होती आणि हल्ला तिच्यावरच झाला. नवरा ओढतो खरा, पण बायकोच्या श्वासात किती गेलं ते कशावरून? रोगांची मोजणी करणारे आणि हवेची मोजणी करणारे यांना एकमेकांची गरज पडली ती इथे.

मग रसायनशास्त्रज्ञ आले. त्यांचं म्हणणं रास्त होतं की सूक्ष्म कण तव्यावरून उठतात, रस्त्यावरून येतात, उदबत्तीतूनही येतात. फक्त तंबाखूतूनच येईल अशी खूण शोधा. अशी सर्वांत सोपी खूण म्हणजे निकोटिन. १९८७ साली कॅथरीन हॅमंड आणि ब्रायन लीडरर यांनी निकोटिन पकडणारा एक बिल्ला तयार केला. प्लॅस्टिकची छोटी डबी, तिच्यात सोडियम बायसल्फेट लावलेला गोल कागद. निकोटिन अल्कधर्मी, कागद आम्लधर्मी. हवेतलं निकोटिन आपोआप येऊन कागदाला चिकटतं. पंप नाही, वीज नाही, आवाज नाही. आठवडाभर खिळ्याला अडकवून ठेवायचा आणि मग प्रयोगशाळेत पाठवायचा. मॅसॅच्युसेट्समधल्या कामाच्या जागांवर हे बिल्ले लावून हॅमंड यांनी १९९५ साली जे आकडे छापले, ते मी अनेक वर्षं विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवत आलो. धूम्रपानाला मुभा असलेल्या ठिकाणच्या खुल्या कार्यालयांत निकोटिनचा मध्यांक घनमीटरला ८.६ मायक्रोग्रॅम, काही बंधनं असतील तिथे १.३ आणि पूर्ण बंदी असेल तिथे ०.३. धूर एका कोपऱ्यापुरता ठेवता येतो ही समजूत मधल्या आकड्यानं मोडते.

याच काळात तंबाखू कंपन्यांनीही मोजमापात पैसा घातला. १९८८ साली त्यांनी बंद जागेतल्या हवेच्या संशोधनासाठी एक केंद्र काढलं. दहा वर्षांनी अमेरिकी राज्यांशी झालेल्या तडजोडीत ते बंद करावं लागलं. त्या वर्तुळातल्या संशोधकांचा भर निकोटिनपेक्षा सोलॅनेसॉलवर होता. हे तंबाखूच्या पानातलं एक जड द्रव्य, ते कणांमध्येच राहतं. निकोटिन भिंतींना, पडद्यांना चिकटतं आणि कणांच्या आधीच हवेतून कमी होतं, ही त्यांची शंका खोटी नव्हती. पण सोलॅनेसॉल धरून काढलेले आकडे सहसा लहान येत आणि लहान आकडे कुणाला हवे होते हे उघड आहे. केंद्राच्या पैशातून अमेरिकेतल्या सोळा शहरांत झालेला अभ्यास १९९६ साली आला, तेव्हा लोकांना मिळणारा धूर समजला जात होता त्यापेक्षा पुष्कळ कमी असल्याचं चित्र उभं राहिलं. पुढे हॅमंड आणि ग्लॅंट्झ यांनीच त्याची चिरफाड केली. हा वाद पुस्तकात मी सविस्तर घेतला आहे, कारण शास्त्रातली खरी शंका आणि विकत घेतलेली शंका दिसायला सारख्याच असतात. त्या वेगळ्या करायच्या तर मोजण्याची पद्धत स्वतःला समजलेली असावी लागते.

तिसरी शाळा शरीराकडे वळली. हवेत काय आहे यापेक्षा रक्तात काय उतरलं ते पाहा, असं तिचं म्हणणं. निकोटिनचं यकृतात कोटिनिन होतं, ते लाळ, लघवी आणि रक्तात सापडतं आणि दोन-तीन दिवसांचा हिशेब सांगतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून केसातलं निकोटिन महिन्यांचा हिशेब सांगतं. अमेरिकी संशोधक स्टीफन हेक्ट यांनी १९९३ साली दाखवलं की टोकाच्या धुरात बसवलेल्या, न ओढणाऱ्या माणसांच्या लघवीत फुप्फुसाच्या कर्करोगाशी निगडित अशा तंबाखूतल्याच द्रव्याचे अवशेष येतात. पण मला सगळ्यांत हलवून गेला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतला एक आकडा. १९८८ ते १९९१ या काळात तंबाखू न वापरणाऱ्या प्रौढांना विचारलं, तर घरी किंवा कामावर धूर सोसतो असं सुमारे ३७ टक्क्यांनी सांगितलं. त्याच पाहणीत तंबाखू न वापरणाऱ्या लहानथोरांचं रक्त तपासलं, तर सुमारे ८८ टक्क्यांच्या रक्तात कोटिनिन सापडलं. लोक खोटं बोलत नव्हते. आपल्याला धूर मिळतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

अभियंत्यांची शाळा मला थोडक्यात सांगता येईल, कारण तिनं स्वतःच आपला निकाल दिला आहे. पंखे वाढवा, हवा खेळती ठेवा, वेगळी खोली करा, हे तिचं अनेक वर्षांचं उत्तर. पुन्हा आत्याची खोली घ्या. साडेआठशेचं प्रमाण पंधरावर आणायचं तर हवा तासाला सत्तावन्न वेळा, म्हणजे जवळजवळ दर मिनिटाला एकदा, पूर्ण बदलावी लागेल. त्या खोलीत मग ओट्यावरचं भांडंही जागेवर राहणार नाही. हवा खेळवण्याची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी अभियंत्यांच्या संघटनेनं, म्हणजे अ‍ॅश्रेनं, २००५ साली आपली भूमिका जाहीर केली की बंद जागेतल्या धुराचा धोका टाळायचा एकच परिणामकारक उपाय आहे, तिथे धूम्रपान होऊ न देणं.

तोच काळ मोजमाप रस्त्यावर येण्याचाही. पिशवीत मावणारी, लेझरच्या प्रकाशावर चालणारी यंत्रं आली. कणांवर पडून विखुरलेला प्रकाश ती मोजतात आणि दर मिनिटाचा आकडा नोंदवतात. यंत्र झोळीत ठेवायचं, नळीचं टोक बाहेर काढायचं, टेबलावर बसून चहा मागवायचा. निदान अर्धा तास थांबायचं, दर पंधरा मिनिटांनी किती सिगारेटी जळताहेत ते मोजायचं, आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर रस्त्यावरची हवा घ्यायची. एवढ्या साध्या शिस्तीवर मोठी कामं झाली. रिपेस यांनी डेलावेअर राज्यात २००२च्या बंदीआधी आणि बंदीनंतर एक कॅसिनो, सहा बार आणि एक पूल हॉल मोजला. सूक्ष्म कण सुमारे ९० टक्क्यांनी उतरले. स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ मध्ये कायदा आला, तेव्हा दोन शहरांतल्या ४१ पबमधलं पीएम २.५ सरासरी २४६ वरून २० वर आलं. बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेतल्या संशोधकांनी ३२ देशांतल्या १,८२२ जागांचे आकडे २००८ साली एकत्र केले. धूर असलेल्या जागांत कण जवळपास नऊपट होते. आकडे कुठल्याही देशातले असोत, हिशेब बदलला नाही. शेवटी प्रत्येक जागा म्हणजे एक खोली आणि काही जळत्या सिगारेटी.

भिंतींत मुरलेल्या धुराबद्दल, म्हणजे सिगारेट विझल्यावरही पडद्यांत-गाद्यांत राहून नवी विषारी द्रव्यं तयार करणाऱ्या अवशेषांबद्दल, २०१० नंतर वेगळं शास्त्र उभं राहिलं आहे. त्याची ओळख पुस्तकात आहे, पण ते अजून घडतं आहे.

आता आपल्याकडे. गोव्यानं १९९७ साली धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदी घालणारा कायदा केला, देशाच्या कायद्याच्या आधी. मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयानं रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, वाचनालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, रेल्वे अशा जागांत धूम्रपान थांबवायला सांगितलं. मग देशाचा २००३चा तंबाखू नियंत्रण कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागांचे नियम लागू झाले. त्यात एक खिडकी उघडी राहिली. तीस किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलांना, तीस किंवा अधिक आसनांच्या रेस्टॉरंटांना आणि विमानतळांना धूम्रपानाची वेगळी जागा ठेवता येते. तिथे हवेचा दाब कमी ठेवावा, म्हणजे धूर बाहेर येणार नाही, असं नियम सांगतो. पण दार दर काही मिनिटांनी उघडतं आणि माणसामागोमाग धूर बाहेर येतो. दाराबाहेर लावलेलं यंत्र हे सहज दाखवतं. नवी मुंबईच्या हीलिस सेखसरिया संस्थेतल्या संशोधकांनी नियम लागू झाल्यावर मुंबईतल्या रेस्टॉरंटांची हवा मोजली, तेव्हा नियम कागदावर आणि धूर जागेवर असं चित्र अनेक ठिकाणी दिसलं होतं.

आपला प्रश्न मात्र हॉटेलांपेक्षा घरात मोठा आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत देशातल्या ३८.७ टक्के प्रौढांनी घरात धूर सोसत असल्याचं सांगितलं. २००९-१० मध्ये हे प्रमाण ५२.३ होतं, म्हणजे उतार आहे. पण घराच्या उंबऱ्यावर कायदा थांबतो. आणि घरात शिरताना परदेशात घडवलेल्या मोजपट्ट्या जशाच्या तशा नेता येत नाहीत, हे मला या पुस्तकात सर्वांत आग्रहानं सांगायचं आहे.

एक तर आपल्याकडे सिगारेटपेक्षा विडी जास्त ओढली जाते. तेंदूच्या पानात गुंडाळलेली, जाळायला वेगळी, विझायला वेगळी. लेझरची यंत्रं कारखान्यात ठराविक धुळीवर जुळवलेली असतात. सिगारेटच्या धुरात ती जवळपास तिप्पट दाखवतात, म्हणून आलेल्या आकड्याला ०.३२ च्या आसपासच्या गुणकानं गुणावं लागतं. विडीसाठी तोच गुणक डोळे मिटून वापरायचा नाही, शेजारी वजनाचं फिल्टर ठेवून तपासायचा. कोकणात, मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत कण फुगतात आणि हीच यंत्रं आणखी फसतात.

दुसरं म्हणजे घरात धूर एकटा नसतो. कर्क स्मिथ यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातेतल्या गावांत चुलीपाशी बसणाऱ्या बायकांच्या श्वासातली हवा मोजली. घरातलं प्रदूषण जगाला दाखवणारं ते काम आपल्या शेजारच्या राज्यात झालं. चूल गेली, गॅस आला, तरी फोडणी आहे, धूप आहे, डासांची कॉइल आहे. २००३ साली छापलेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाले. अशा घरात नुसतं पीएम २.५ मोजून सगळा दोष विडीवर टाकणं अन्याय ठरेल आणि विडीला मोकळं सोडणंही. इथे निकोटिनचा बिल्लाच हवा.

तिसरी अडचण खास आपली. शरीरातलं कोटिनिन ही अमेरिकेत अत्यंत विश्वासाची खूण. महाराष्ट्रात २०१६-१७च्या पाहणीनुसार ओढणारे फक्त ३.८ टक्के, पण तंबाखू खाणारे किंवा लावणारे २४.४ टक्के. कितीतरी बायका सकाळी दातांना मिश्री लावतात आणि त्याला तंबाखू म्हणतही नाहीत. अशा बाईच्या लाळेत कोटिनिन सापडलं, तर ते नवऱ्याच्या विडीचं की तिच्या मिश्रीचं? जी खूण तिकडे सर्वांत पक्की, तीच इथे सर्वांत कच्ची. हे लक्षात न घेता परदेशी रीत गिरवली, तर आपण त्या बाईबद्दल चुकीचं काही लिहू आणि तिचा केसपेपर पुन्हा एकदा अर्धाच भरला जाईल.

हे आत्ताच लिहावंसं वाटलं याचं कारण म्हणजे काही हजार रुपयांत हवेचं यंत्र घरी येऊ लागलं आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लोक त्याच्या पडद्याचे फोटो टाकतात आणि खालच्या मजल्यावरच्या माणसाशी भांडतात. आकडा खरा असतो, पण कशाचा आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. तेव्हा अ‍ॅबर्डीनला असलेले शॉन सेंपल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच स्वस्त यंत्रांचा वेगळा उपयोग केला. लहान मुलं असलेल्या घरांत यंत्र काही दिवस ठेवायचं, मग आलेख आईबापांसमोर ठेवून त्यांच्याशी बोलायचं. दोष द्यायचा नाही, फक्त संध्याकाळी सात वाजताचं टोक दाखवायचं. ही रीत आपल्या आशाताईंच्या हाती पडावी असं मला मनापासून वाटतं.

म्हणून पुस्तक शास्त्रज्ञांसाठी लिहिलेलं नाही. शाळेत विज्ञान शिकवणारे, आरोग्य सेविका, सोसायटीचे चिटणीस, हॉटेलातल्या कामगारांसाठी काम करणारे, आणि घरात धूर सोसणारी कुणीही व्यक्ती माझ्या डोळ्यांसमोर आहे. दहावीपर्यंतचं गणित पुरतं. यंत्र नसलं तरी टेप, घड्याळ आणि वही घेऊन किती दूर जाता येतं हे दाखवायचा प्रयत्न आहे. यंत्र असलं तर ते कुठे फसतं, हे त्याच्या गुणांपेक्षा जास्त जागा घेऊन सांगितलं आहे. मागे एक प्रश्नावली जोडली आहे. "तुम्ही ओढता का?" याच्या खाली तिच्यात आणखी पाच प्रश्न आहेत. घरात कोण ओढतं, कुठे बसून, खिडकी उघडी असते का, कामावर कोण ओढतं, आणि मिश्री लावता का.

पुस्तकातलं प्रत्येक गणित आत्याच्या खोलीपासून सुरू होतं. त्या खोलीतली हवा कधीच मोजली गेली नाही. लांबी-रुंदी मला पाठ होती, कारण सुट्टीत आम्ही सहा भावंडं तिथे गाद्या घालून झोपायचो आणि कोण कुठे मावतं हे ठरलेलं असायचं. उंची मात्र आठवेना. चाळ पाडायला काढली त्या आठवड्यात मी तिथे गेलो. आत्याच्या खोलीला कुलूप होतं. शेजारच्या काकूंनी दार उघडलं, स्टूल दिलं आणि टेपचं दुसरं टोक धरलं. दहा फूट भरली.